दाढीनंतरची दोन मिनिटं

१९२३ साली इजिप्तमध्ये लॉर्ड कार्नार्व्हन यांच्या गालाला डास चावला. तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला ज्यांनी पैसा पुरवला, तेच हे इंग्रज उमराव. दाढी करताना वस्तऱ्याची धार नेमकी त्या चाव्यावरून गेली. जखम उघडी पडली, चिघळली, रक्तात विष भिनलं, पाठोपाठ न्यूमोनिया झाला आणि ५ एप्रिलला कैरोमध्ये त्यांचा मृत्यू झाला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी फॅरोच्या शापाच्या कहाण्या रंगवल्या. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून पाच वर्षं होती आणि गालावरची एवढीशी जखम धडधाकट माणसालाही पुरत होती. कार्नार्व्हन तर आधीपासूनच नाजूक प्रकृतीचे होते.

त्या काळात अशी उदाहरणं दुर्मीळ नव्हती. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांचा थोरला भाऊ जॉन १८४२ च्या जानेवारीत धनुर्वाताने गेला. वस्तरा पाजळताना त्याच्या बोटाला किरकोळ कापलं होतं, एवढंच निमित्त. पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांपासून बनवलेल्या स्वस्त ब्रशांतून ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना अँथ्रॅक्सची लागण झाली. कारण तोंडाला साबणाचा फेस लावायचा ब्रशच दूषित होता. दाढीनंतर गालावर कडक, जंतू मारणारं काहीतरी चोळायची रीत या भीतीतून आली, आणि भीती खरी होती.

आज परिस्थिती बदलली आहे. ब्लेड कारखान्यातून स्वच्छ येतं, नळाला पाणी आहे, धनुर्वाताची लस आहे, प्रतिजैविकं आहेत. पण त्या काळातली एक समजूत मात्र घट्ट टिकून आहे: झोंबलं म्हणजे लागू पडलं. आफ्टरशेव्ह लावल्यावर डोळ्यांत पाणी आलं नाही, तर ते पाणचट आहे असं मानणारे कितीतरी पुरुष आहेत. मुलगा पहिल्यांदा दाढी करतो तेव्हा वडील त्याच्या गालावर ते थापतात आणि तो कळवळला की घरातले सगळे हसतात. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी अनेक जण रोज सकाळी विनाकारण त्रास सोसतात, म्हणून या प्रकरणात तिचा नीट समाचार घ्यायचा आहे.

आधी ब्लेड काय करतं ते पाहू. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. एकावर एक रचलेल्या चपट्या पेशी आणि त्यांच्या फटी भरून काढणारे स्निग्ध पदार्थ अशी त्याची बांधणी. चेहऱ्यावर या थराची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकी असते. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं काही आत येऊ न देणं ही दोन्ही कामं हा एवढासा थर करतो. ब्लेडला केस आणि त्वचा यांतला फरक कळत नाही. केसाच्या मुळाशी त्वचा किंचित उंचावलेली असते, तिथले पापुद्रे केसाबरोबर निघून येतात. दाढी करताना ब्लेडवरून धुऊन काढलेल्या करड्या फेसात केसांबरोबर त्वचेच्या पेशीही भरपूर असतात. शिवाय निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण पाचच्या आसपास. साध्या साबणाचा पीएच मात्र नऊ-दहा. म्हणजे दाढी संपते तेव्हा चेहऱ्याची तटबंदी जागोजाग खचलेली असते, तिच्यातला स्निग्धांश धुऊन गेलेला असतो आणि तिचं रसायनही बिघडलेलं असतं. अशा त्वचेवर आपण बाटली उपडी करतो.

पातळ, पाण्यासारख्या आफ्टरशेव्हच्या घटकांच्या यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा अल्कोहोलचं असतं. तेच अल्कोहोल तळहाताला लागलं तर गार वाटतं आणि गालाला लागलं तर आग होते, हे कसं? याचं उत्तर गेल्या तीस वर्षांत मिळालं आणि ते फार सुंदर आहे. त्वचेतल्या वेदना जाणणाऱ्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते बंद असतं. तापमान ४२-४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ते उघडतं, विद्युतभारित कण नसेच्या आत शिरतात आणि भाजत असल्याचा निरोप मेंदूकडे जातो. मिरचीतलं कॅप्सायसिनही हेच प्रथिन उघडतं. ठेचा खाल्ल्यावर तोंड पोळल्यासारखं वाटतं ते यामुळेच, तिथे उष्णता नसतानाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये कॅप्सायसिनच्याच मदतीने हे प्रथिन हुडकून काढलं. त्या संशोधनासाठी २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळालं.

आपल्या विषयाशी थेट जोडलेला शोध २००२ चा, इटलीतल्या संशोधकांचा. इथेनॉल, म्हणजे आपलं नेहमीचं अल्कोहोल, या प्रथिनाचा उंबरठा खाली आणतं हे त्यांनी दाखवलं. जे दार ४२ अंशांना उघडायचं ते अल्कोहोलच्या सान्निध्यात सुमारे ३४ अंशांनाच उघडू लागतं. आणि चेहऱ्याच्या त्वचेचं तापमान नेमकं त्याच सुमाराला असतं! म्हणजे आफ्टरशेव्ह लावल्यावर जो चटका बसतो तो बाहेरून आलेला नसतो. आपल्याच अंगाची नेहमीची ऊब नसांना क्षणभर पोळू लागते. तळहातावर हे घडत नाही, कारण तिथला वरचा थर जाड आणि शाबूत असतो. नसांपर्यंत पोहोचण्याआधीच अल्कोहोल उडून जातं. दाढी केलेल्या गालावर मात्र त्याला वाट मोकळी मिळते.

म्हणजेच झोंबण्याचा जंतू मरण्याशी काही संबंध नाही. कोविडच्या काळात हातांना सॅनिटायझर लावताना आपण सगळे शिकलो की त्यात अल्कोहोल निदान ६० टक्के हवं आणि हात वीसेक सेकंद तरी ओले राहिले पाहिजेत. गालावरचा आफ्टरशेव्हचा पातळ थर त्याच्या आतच सुकून जातो. तरीही थोडे जंतू मरतात, नाही असं नाही. पण आग किती झाली यावरून ते मोजता येणार नाही. आग सांगते ती वेगळीच गोष्ट: ब्लेडने आज त्वचा कुठे आणि किती सोलली. म्हणून झोंबतं कुठे याकडे लक्ष द्यावं. बहुतेकांना गालावर फारसं काही होत नाही, आग होते ती जबड्याच्या हाडाखाली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना. तिथे केस वेगवेगळ्या दिशांना वाढतात, कुठे खालून वर, कुठे आडवे. आपण मात्र सवयीने एकाच दिशेने हात मारत राहतो. आफ्टरशेव्हचा ब्रँड बदलून ती आग कमी होत नाही. दाढी बदलली की होते.

दाढी कशी करावी यावर इथे फार लिहीत नाही, पण चार गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. आंघोळीनंतर दाढी सोपी जाते ती म्हणूनच. फेस फासून लगेच ब्लेड लावण्याऐवजी मधे दात घासून घ्यावेत, तेवढा वेळ पुरतो. पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेने. उलटा हात मारायचाच असेल, तर पुन्हा फेस लावून आणि गळा सोडून. ब्लेड दाबायचं नाही. आणि ते ओढायला लागलं की टाकून द्यायचं. ब्लेडचे पैसे वाचवायला गेलं की त्याची भरपाई त्वचेला करावी लागते.

आता ती दोन मिनिटं. दाढी झाल्यावर चेहरा आधी साध्या पाण्याने धुऊन साबणाचा अंश पूर्ण काढावा आणि मग गार पाण्याचे सात-आठ हबके मारावेत. माठातलं पाणी असलं तर उत्तम. ही केवळ ताजेतवाने वाटण्याची गोष्ट नाही. वरचा ३४ अंशांचा हिशेब आठवा. त्वचा दोन-चार अंशांनी थंड झाली की अल्कोहोलने उंबरठा खाली आणला तरी ऊब तिथवर पोहोचत नाही आणि चटका सौम्य होतो. त्यानंतर मऊ टॉवेलने चेहरा टिपावा. खसाखसा पुसू नये, सुटत आलेले पापुद्रे त्याने ओढले जातात. पूर्ण कोरडाही करू नये. किंचित ओलावा राहू द्यावा, म्हणजे अल्कोहोल त्वचेवरच थोडं सौम्य होतं. मग मिनिटभर थांबावं. तेवढ्यात ब्रश धुऊन ठेवता येतो.

आफ्टरशेव्ह थेट गालावर ओतू नये. तळहातावर थोडंसं घ्यावं, दोन्ही तळहात एकमेकांना लावावेत, क्षणभर जाऊ द्यावा. तेवढ्यात वरचं अल्कोहोल बरंचसं उडतं. मग आधी गाल, नंतर हनुवटी आणि हाताला जे उरेल ते गळ्याला, हलक्या हाताने दाबत. थापट्या मारायची गरज नाही. जिथे आज कापलं किंवा खरवडलं असेल ती जागा वगळावी. दोनेक मिनिटांत ते सुकलं की वर साधं मॉइश्चरायझर लावावं. अल्कोहोल त्वचेवरचा राहिलासाहिला स्निग्धांशही घेऊन जातं. तो भरून दिला नाही तर दुपारपर्यंत चेहरा ओढल्यासारखा होतो आणि ओठांच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. ही शेवटची पायरी बहुतेक पुरुष गाळतात, आणि दाढीच्या त्रासांपैकी निम्मे तिथूनच सुरू होतात असं माझं मत आहे.

तुरटीबद्दल आपल्याकडे विशेष जिव्हाळा आहे, आणि तो योग्यच आहे. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं हे दुहेरी सल्फेट. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली की गाळ गोळा होऊन तळाशी बसतो. जखमेवरही जवळपास असंच घडतं. ॲल्युमिनियमचे आयन रक्तातली आणि त्वचेतली प्रथिनं साकळवतात, वरचे ऊतक आकसतात आणि बारीक केशवाहिन्यांतून येणारं रक्त थांबतं. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असल्यामुळे साबणाचा अल्कधर्मही काहीसा निवतो. घरी स्वतःचा खडा असावा, तो पाण्याखाली ओला करून एकदाच फिरवावा, अर्ध्या मिनिटाने चेहरा धुऊन टाकावा. तुरटी धुऊन न टाकता तिच्यावर अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह लावणं म्हणजे त्वचा दोनदा कोरडी करणं. दोहोंपैकी एक पुरतं.

सलूनमधली तुरटी मात्र वेगळी गोष्ट आहे. ब्लेड नवं लावा असं सांगायला आपण आता शिकलो आहोत आणि बहुतेक कारागीर गिऱ्हाइकासमोरच पाकीट फोडतात. पण तोच तुरटीचा खडा दिवसभर प्रत्येकाच्या ताज्या कापलेल्या जागेवरून फिरतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्याच्या बाबतीत तुरटीच्या जंतुनाशक गुणावर विसंबणं योग्य नाही. ‘दादा, तुरटी राहू द्या, नुसतं पाणी मारा,’ एवढं म्हटलं की कोणी रागावत नाही. हवं तर आपला लहानसा खडा डबीत घालून न्यावा.

काही आफ्टरशेव्हमध्ये मेंथॉल असतं, आणि त्याची गंमत अल्कोहोलच्या नेमकी उलट आहे. थंडी जाणणारं टीआरपीएम-८ नावाचं दुसरं प्रथिन मेंथॉलमुळे उघडतं आणि त्वचा थंड झालेली नसतानाही गारवा जाणवतो. हे प्रथिन २००२ मध्ये ओळखलं गेलं. जगातल्या नैसर्गिक मेंथॉलचा मोठा वाटा भारतातून जातो आणि त्यातला बराचसा उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या परिसरातल्या पुदिन्याच्या शेतांतून. गारवा सुखद असतो, पण तो जळजळ झाकतो, बरी करत नाही. आधीच लाल झालेल्या गळ्यावर मेंथॉल जास्त झालं तर तेही टोचतं.

मग काय निवडावं? तेलकट त्वचा, दमट हवा, रोजची सौम्य दाढी असेल तर अल्कोहोलचं पातळ आफ्टरशेव्ह चालतं. मुंबईत किंवा रत्नागिरीत मे महिन्यात जाडसर बाम कुणाला सोसणार? तो घामाबरोबर ओघळतो आणि कॉलरला लागतो. पण जानेवारीत नागपूरच्या कोरड्या थंडीत तोच बाम उपयोगी पडतो. बाममध्ये पाणी, थोडं तेल, ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, ॲलँटॉइन असे घटक असतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, तेल त्याला उडू देत नाही. अल्कोहोल नाही म्हणून बाम कमकुवत आहे असं मुळीच नाही. सोललेल्या त्वचेला पाणी आणि स्निग्धांश यांचीच गरज असते. सुगंध आवडतो आणि झोंबणं नको, तर बाम चेहऱ्याला आणि अत्तर शर्टाला, हा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

सुगंधाचा विषय गंभीरपणे घेण्यासारखा आहे. आफ्टरशेव्हने होणारी ॲलर्जी बहुतेकदा सुगंधी द्रव्यांची असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुरुषांच्या गालांवर, उन्हात गेल्यावर चिघळणारा एक इसब डॉक्टरांना दिसू लागला. त्याचं मूळ आफ्टरशेव्हमधल्या मस्क ॲम्ब्रेट या कृत्रिम कस्तुरीत सापडलं. पुढे ती वापरातून गेली. ओकच्या झाडावरच्या दगडफुलासारख्या शैवाकापासून काढलेला अर्कही कित्येकांना सोसत नाही, आणि तो तर नैसर्गिक. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. याचं घरगुती उदाहरण लिंबाचं आहे. दाढीनंतर लिंबाची फोड चोळणारे लोक आहेत. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन् महिने राहतात. दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याने तर लिंबापासून लांबच राहावं. नवीन बाटली आणली की ती थेट चेहऱ्याला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावी. तिथे खाज किंवा लाली आली नाही तर पुढे जावं.

डागांपासून आपल्याला जास्त जपावं लागतं. गोरी त्वचा जळजळ झाली की लाल होते आणि लाली ओसरते. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत दाह झाला की तिथल्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात आणि लाली गेल्यावर काळपट छटा मागे राहते. गळ्यावर, जबड्याखाली अनेकांच्या त्वचेला येणारा करडेपणा मळ नसतो. तो वर्षानुवर्षांच्या बारीकसारीक दाहाचा साठलेला हिशेब असतो, आणि घासून तो आणखी वाढतो. केस कुरळे असतील तर भर पडते. फार खोलवर कापलेला केस वळून पुन्हा त्वचेत शिरतो, पुटकुळी येते, कधी केसतूड होतं. अशा पुटकुळ्यांवर कोणतंही आफ्टरशेव्ह उपाय नाही. काही दिवस ब्लेड बंद ठेवून ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राखणं हाच उपाय. ज्यांना नोकरीमुळे रोज गुळगुळीत चेहरा ठेवावा लागतो, पोलिस, सैनिक, हॉटेलातले कर्मचारी, त्यांनी डॉक्टरांचं पत्र घेऊन तेवढी सवलत जरूर मागावी. ही आजाराची गोष्ट आहे, आळसाची नव्हे.

आणि एका गोष्टीबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. दाढीनंतर आग होते, पुरळ येतं म्हणून औषधाच्या दुकानातून खाजेचं मलम आणायचं आणि आफ्टरशेव्हसारखं रोज लावायचं, ही सवय आपल्याकडे शहरांत आणि गावांत सारखीच पसरली आहे. त्यातल्या अनेक मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड असतं. पहिल्या दिवशी जादू होते. लाली जाते, त्वचा उजळ दिसते, आणि म्हणूनच माणूस फसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या उसळतात, उन्हात उभं राहवत नाही. हे रुग्ण इतके वाढले की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद करण्यासाठी नियम कडक केले. तरीही ट्यूब सहज मिळते, मित्र मित्राला सुचवतो, सलूनमध्येही कोणी सांगतं. घरातल्या दाढीच्या डब्यात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरची नावं वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं तर औषधवाल्याला किंवा डॉक्टरला ती दाखवून विचारा. बरेच महिने लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, लाली आणि आग दुपटीने उलटते आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेतो. त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने सोडवतात. त्याला काही आठवडे लागतात, कधी महिने, आणि त्या काळात चेहऱ्याला ब्लेड न लावलेलंच बरं.